शत्रू पाळत नाही, म्हणून आपणही पाळायचे नाही?

सीमेवर तणाव वाढला की हमखास विचारले जाते : समोरचा नियम पाळत नसेल, तर आपणच का पाळायचे? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. त्यामागे खरी जखम आहे. मे १९९९ मध्ये काकसर भागात गस्तीवर गेलेले कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांचे पाच जवान पाकिस्तानी फौजेच्या हाती लागले. जूनमध्ये परत आलेल्या त्यांच्या मृतदेहांवर छळाच्या खुणा होत्या. हे आठवून ज्याचे रक्त उसळते, त्याला मी दोष देणार नाही.

पण कालियांच्या बाबतीत घडला तो गुन्हा, असे आपण जगाला सांगतो ते कशाच्या बळावर? १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या. युद्धकैद्याला माणुसकीने वागवा, त्याच्यावर सूड उगवू नका, असे त्याचे तेरावे कलम बजावते. तो करारच आपण केराच्या टोपलीत टाकला, तर कालियांसाठी आपल्याजवळ संताप उरेल, दावा उरणार नाही.

नियम पाळणे म्हणजे दुबळेपणा, असेही म्हटले जाते. तसे म्हणणाऱ्यांनी १९७१ च्या युद्धातला डिसेंबर आठवावा. पूर्व पाकिस्तानातल्या फौजेने बंगाली जनतेवर केलेले अत्याचार ताजे होते. तरीही आपले लष्करप्रमुख जनरल माणेकशा रेडिओवरून त्याच फौजेला सांगत होते, शरण या, जिनिव्हा कराराप्रमाणे वागवू. ढाक्यात सही झालेल्या शरणागतीच्या दस्तऐवजातही ते वचन आहे. सुमारे ९३ हजार लोक आपल्या ताब्यात आले. शरण गेल्यावर गळा चिरला जाणार, अशी खात्री असलेला सैनिक शेवटच्या गोळीपर्यंत लढतो आणि ती गोळी आपल्याच कुणाच्या तरी मुलाला लागते. दिलेला शब्द पाळणारी फौज म्हणून आपली पत होती आणि त्या पतीने आपलेही जवान वाचवले, असे मी ठामपणे म्हणतो. मात्र लढाई थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब सोडावे, असेही तोच करार सांगतो. आपण शेवटच्या तुकड्या १९७४ मध्ये परत पाठवल्या. हेही आपल्याच तोंडाने सांगितलेले बरे.

हाच करार आपल्या कैद्याच्याही कामी येतो. फेब्रुवारी २०१९ मधली, पाकिस्तानच्या ताब्यात असलेल्या विंग कमांडर अभिनंदन यांची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. हातात चहाचा कप, सुजलेला चेहरा, आणि विमान कोणते, कामगिरी कोणती, या प्रश्नांना शांत नकार. नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सेवा क्रमांक, यापलीकडे काही सांगण्याचे बंधन कैद्यावर नाही. सतराव्या कलमाने दिलेला तो हक्क आपला अधिकारी आपल्या डोळ्यांदेखत वापरत होता. कैद्याची अशी जाहीर चित्रफीत काढणे हा मात्र त्याच कराराचा भंग होता आणि भारताने तसा आक्षेप घेतलाही.

‘शिक्षा तर कुणालाच होत नाही’ हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. तो मी अर्धा मान्य करतो. पण खुनी सुटतात म्हणून खुनाचे कलम रद्द करा, असे कुणी म्हणत नाही. तपास नीट करा, म्हणतात. तीच मागणी इथे हवी, आणि तिची सुरुवात घरातून व्हावी. आपल्याकडे १९६० चा जिनिव्हा करार कायदा आहे, पण सरकारने तक्रार केल्याशिवाय न्यायालय त्याखालच्या गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. गोव्यातल्या मोन्तेरो या धर्मगुरूंनी नागरिकांच्या संरक्षणासाठीच्या चौथ्या जिनिव्हा कराराचा आधार घेतला होता. तेव्हा, १९६९ मध्ये, हा कायदा व्यक्तीला न्यायालयात दाद मागण्याचा खास हक्क देत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. कालियांच्या वडिलांनाही न्यायासाठी त्याच न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. सैनिकाचा छळ झाला तर त्याच्या आईबापांना स्वतः तक्रार नोंदवता यावी, एवढी दुरुस्ती संसदेने या कायद्यात करावी.