शहरांची पाणीपरीक्षा : तास मोजायचे की दिवस?

प्रतिनिधी, बुलडाणा

शहरांच्या पाणीपुरवठ्याचे मूल्यमापन कसे करावे, याची मानके केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये ठरवून दिली. माणशी रोज १३५ लिटर पाणी, चोवीस तास पुरवठा, प्रत्येक नळाला मीटर आणि बेहिशेबी पाणी २० टक्क्यांच्या आत. कागदावर ती निर्दोष आहेत. मात्र टंचाईच्या उन्हाळ्यात बुलडाणा जिल्ह्यात 'किती तास पाणी येते?' असे कोणी विचारत नाही. 'किती दिवसांआड येते?' असेच विचारले जाते.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. आठवड्यातून एकदा भरपूर पाणी सोडले, तरी सरासरीच्या हिशेबात माणशी लिटर बरे दिसू शकतात. गच्चीवर मोठी टाकी आणि अंगणात हौद असलेल्या कुटुंबाला ते पुरतेही. दोन पिंपांवर भागवणाऱ्या भाडेकरूला मात्र तिसऱ्या दिवसापासून टँकरची वाट पाहावी लागते. शिवाय रिकाम्या पडलेल्या जलवाहिनीत फुटीतून गटाराचे पाणी शिरते आणि साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. हा खर्च नगरपालिकेच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही. तो दवाखान्याच्या बिलात निघतो.

दोष सर्वस्वी पालिकांचा, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बुलडाणा शहराची तहान पैनगंगेवरील येळगाव धरण भागवते. धरण नदीच्या उगमाजवळच असल्याने पाणलोट क्षेत्र लहान, आणि पावसाने ओढ दिली की साठा लगेच खालावतो. खामगाव ज्ञानगंगेवरील गेरू माटरगावच्या धरणावर अवलंबून. शेगावला वान प्रकल्पाचे पाणी आणावे लागते, कारण पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा. विहीर खोदली तरी पाणी पिण्याजोगे लागेलच असे नाही. शिवाय शेगावात भाविकांची वर्दळ मोठी. माणशी हिशेबात ही गर्दी धरायची की नाही, हा प्रश्न आहेच.

शासनाने ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा त्यांत या जिल्ह्यातील तालुकेही होते. त्याच सुमारास धरणे-तलावांतील गाळ काढण्याचे आणि महामार्गासाठी माती-मुरूम तलावांतून घेण्याचे काम येथे झाले. 'बुलडाणा पॅटर्न' म्हणून त्याची प्रशंसा झाली, ती योग्यच. त्याने साठा वाढतो. शहरातील गळकी वाहिनी मात्र तशीच राहते.

योगायोग असा, की चोवीस तास पाण्यासाठी राज्यात नाव झालेले गाव मलकापूरच. फक्त ते आपले नव्हे, कऱ्हाडजवळचे. तेथे कोयनेचे पाणी हाताशी आहे, ही सवलत मान्य. पण तेथे नळांना मीटर बसले आणि जास्त वापराला चढा दर लागला. त्यासाठी धरण लागत नाही, सभागृहात बहुमत लागते; आणि पाणीपट्टी वाढवण्याचा ठराव निवडणुकीच्या तोंडावर मांडायला सहसा कोणी धजावत नाही.