फेणीच्या वाटेवरचा रविवार

राजारामपुरीतील आपल्या काही कुटुंबांत सध्या एका सहलीचा बेत शिजत आहे. शुक्रवारी रात्री निघायचे, आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडी आणि बांदा मागे टाकून गोव्यात उतरायचे. शनिवारी सत्तरी-डिचोलीकडील काजूच्या बागा आणि भट्ट्या पाहायच्या, प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे चाखायचे. २०२१ साली कांदोळीत उघडलेले मद्यविषयक वस्तूंचे संग्रहालय बघायचे आणि रविवारी दक्षिणेकडे माडाच्या फेणीचा समाचार घेऊन रात्री घरी परतायचे. मुलांसाठी समुद्र आहेच. या बेताला ‘आपल्या वारशाची ओळख’ असे भारदस्त नाव देण्यात आले असून, त्याची घोषणा मिस्सानंतर वेदीवरून करावी अशी विनंती माझ्याकडे आली. ती मी नाकारली. का नाकारली हे चर्चच्या पायऱ्यांवर उभ्याउभ्या सांगण्यापेक्षा लिहून सांगावे, म्हणून हा लेख.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. मी मद्याला पाप मानणाऱ्यांपैकी नाही. कॅथलिक धर्मगुरूला तसे मानताही येणार नाही. प्रभूने पहिले चिन्ह काना गावच्या लग्नघरात केले आणि तेही यजमानाचा द्राक्षारस संपल्यावर. मिस्सासाठी द्राक्षांचाच अस्सल, न बिघडलेला रस लागतो, असे धर्मसभेच्या कायद्याचे ९२४ वे कलम सांगते. तिसऱ्या शतकात काही मंडळी द्राक्षारसाऐवजी केवळ पाणी अर्पण करू लागली, तेव्हा कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी त्यांच्याविरुद्ध सविस्तर पत्र लिहिले. बेन सिराकच्या ग्रंथातील एकतिसावा अध्याय वाचावा. एकाच हाताने तिथे द्राक्षारसाची स्तुती केली आहे आणि त्याच हाताने त्याच्या अतिरेकाला झोडपले आहे. तेव्हा ‘फादर दारूबंदीवाले झाले’ अशी कुजबूज कृपया करू नये.

फेणीविषयीही मला आदरच आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजूचे झाड आणले आणि गोव्याच्या डोंगरउतारांवरील कष्टकऱ्यांनी त्याच्या बोंडूपासून जे घडवले, ते हातच्या कसबाचे काम आहे. बोंडू झाडावरून तोडत नाहीत. पूर्ण पिकून आपोआप गळलेलाच उचलायचा, बी पिळून वेगळी काढायची, बोंडू कोळंबीत पायांनी तुडवायचा. निघालेला रस काही दिवस आंबू द्यायचा. त्यात साखर नको की बाहेरचे विरजण नको. मग भाणात लाकडाच्या जाळावर ऊर्ध्वपातन करायचे. पहिल्या धारेचे ते उर्राक, आणि उर्राक पुन्हा रसाबरोबर भट्टीवर चढवले की फेणी. मार्च ते मे या भाजून काढणाऱ्या उन्हात माणूस त्या जाळाशी बसतो. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०१६ साली गोवा शासनाने तिला वारसा पेयाचा मान दिला, २०२१ साली तिच्यासाठी स्वतंत्र धोरण आले. त्यातून भट्टीवाल्याच्या पदरात चार पैसे अधिक पडत असतील तर माझ्याइतका आनंद कोणाला होणार नाही.

मग माझे भांडण कशाशी आहे? भांडण आहे ते पेयाला मुक्काम करण्याशी. ज्या गावांत फेणी जन्मली तिथे ती कशाच्या तरी सोबत येई. भाताच्या शेतातून चिखल तुडवून आलेल्या बापाला रात्री जेवणाआधी घोटभर, पोर थंडीने काकडले तर छातीला चोळायला, लग्नात, सां जुआंवला. काम, आजारपण, सण, पाहुणा हे आधी आणि पेला मागून. आपल्या बेतात हा क्रम उलटा झाला आहे. पेला पुढे चालतो आहे आणि बाग, माणूस, चर्च, समुद्र, स्वतःची मुलेसुद्धा त्याच्यामागून फरफटत चालली आहेत. दिवसाचे नियोजन ‘पुढचे चाखणे कुठे’ यावरून होते. वाटेवर माणसे भेटतात ती त्या बाटलीमागची शोभा म्हणून. ज्याने पहाटेपासून जाळ सांभाळला त्याच्याबरोबर छायाचित्र काढायचे; त्याच्या मुलीच्या शाळेविषयी मात्र विचारायचे नाही.

आणि ‘वारसा’ या शब्दाचा हिशेबही जरा मांडू या. गरिबाने नाल्याकाठी गाळली तर ती हातभट्टी. तिच्यावर पोलिसांची धाड पडते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतील मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. ती बहुतेक हातावर पोट असलेली होती. त्यांच्या वस्तीत कोणी चव घेण्याची सहल नेली नाही. तीच उष्णता, तेच भांडे, तोच आंबलेला रस देखण्या बाटलीत आला की त्याला इतिहास फुटतो. आपल्या पश्चिम महाराष्ट्रात गावोगावच्या स्त्रियांनी मतपत्रिकेवर बाटली आडवी केली आहे. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की गावातले दुकान बंद होते, असा नियम या राज्यात आहे. त्या बायका संस्कृतीच्या शत्रू नव्हत्या. पगाराच्या दिवशी नवरा कोणत्या वाटेने घरी येतो हे त्यांना ठाऊक होते, इतकेच. त्यांनी आडवी केलेली बाटली वारशाच्या नावाने आपण आपल्या घरात उभी करणार आहोत काय?

आपल्याच घरांविषयी बोलतो. पापनिवेदनात ऐकलेले ओठांवर येत नाही, येऊ नये. पण घरभेटीत डोळ्यांना दिसते ते दिसतेच. दुपारी अडीच वाजता बंद असलेल्या खिडक्या दिसतात. ‘ते जरा झोपले आहेत, फादर’ असे सांगताना दारात आडवी उभी राहणारी बहीण दिसते. आजीच्या उशाखालून पेन्शनचे पैसे गेलेले असतात. ज्या घरांत हे नाही त्यांना चाखण्याची सहल हा निव्वळ विनोद वाटेल. ज्या घरांत आहे त्यांना वेदीवरून ती घोषणा ऐकू आली असती तेव्हा काय वाटले असते? विनंती आणणाऱ्यांपैकी कोणी हा विचार केला होता असे मला दिसले नाही.

कॅथलिक म्हणजे पिणारा, ही प्रतिमा आपल्या माथी कोणी मारली, हा प्रश्न आपण दर नाताळात विचारतो. हिंदी चित्रपटांनी मारली, हे खरे. झोकांड्या खाणारा, मोडके हिंदी बोलणारा, गळ्यात क्रूस घातलेला तो इसम पडद्यावर पाहून आपण संतापतो. आणि कार्यालयातील सहकाऱ्याने ‘तुमचे काय, तुमच्यात चालते’ म्हटले की हसून मान डोलावतो. ते हसणे कधीतरी थांबवायला हवे.

कोणी म्हणेल, फादर, तुमचे संन्यासीही बिअर गाळतात. गाळतात. बेल्जियममधील वेस्टफ्लेटरन येथील ट्रॅपिस्ट मठाची बिअर जगप्रसिद्ध आहे. पण ते संन्यासी कशी विकतात हेही ऐकावे. आधी नोंदणी करा, गाडीचा क्रमांक कळवा, ठरलेल्या मर्यादेइतकीच घेऊन जा. मागणी वाढली म्हणून त्यांनी उत्पादन वाढवले नाही, आणि भट्टी पाहायला येणाऱ्यांना दारही उघडले नाही. प्रार्थनेचा दिवसक्रम बिअरसाठी बदलायचा नाही, हे त्यांनी ठरवून टाकले आहे. उदाहरण द्यायचेच तर पूर्ण द्यावे.

रविवारचा मुद्दाही असाच अर्धा सांगितला जातो. शनिवारी संध्याकाळच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, हे मला बेत आखणाऱ्यांनीच आवर्जून ऐकवले. कायद्याने ते बरोबर आहे. (गोव्यात चर्च सापडले नाही, अशी सबब तर परमेश्वरही ऐकून घेणार नाही.) पण पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ साली ‘दिएस दोमिनी’ हे पत्र लिहिले तेव्हा त्यांना नेमकी हीच चिंता होती: प्रभूचा दिवस आणि आठवड्याअखेरची सुट्टी या दोन गोष्टी एक समजल्या जाऊ लागल्या आहेत. सुट्टी म्हणजे दमलेल्या माणसाची विश्रांती, ती हवीच. प्रभूचा दिवस मात्र पुनरुत्थानाचा आहे. शनिवारी दिवसभर चार भट्ट्यांवर चाखून संध्याकाळी मिस्साला उभा राहणारा माणूस कोणते अर्पण घेऊन वेदीपाशी येतो? शिवाय उर्राकचा हंगाम बहुतेक वर्षी प्रायश्चित्तकाळातच सुरू होतो, हे या बेतात कुणाच्या ध्यानात आलेले नाही.

आता व्यवहाराचे. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची मर्यादा २५ वर्षे, गोव्यात १८. आपली बारावी झालेली मुले बांद्यापलीकडे जाताच कायद्याने मोठी होतात आणि परतीच्या वाटेवर पुन्हा लहान. दारूबंदीचा १९४९ चा अधिनियम या राज्यात आजही लागू आहे. परवान्यावाचून गोव्याच्या बाटल्या आणणे हा गुन्हा आहे. सीमेवर गाडी अडली की मुलांसमोर वडील डिकी उघडून उभे राहतात, हा वारसा मुलांच्या लक्षात नक्की राहील. आणि भाड्याच्या गाडीचा चालक? सगळे चाखत असताना तो झाडाखाली बसणार आणि रविवारी रात्री आंबोलीच्या वळणांवर सोळा जणांचे प्राण एकटा सांभाळणार. बेताच्या कागदावर त्याच्या जेवणाचाही उल्लेख नाही. मी शोधला.

गोव्याला जाऊ नका, असे मी म्हणत नाही. सावंतवाडी तर आपल्या धर्मप्रांताचे पीठ आहे. २००५ पासून कोल्हापूरचे आपण पुण्याचे नसून सिंधुदुर्ग धर्मप्रांताचे आहोत. रविवारची सकाळ तिथल्या मंडळींसोबत मिस्सात घालवावी. भट्टी पाहायची असेल तर एकच पाहावी, सकाळी, काम चालू असताना. त्या घरात बसावे, काजूगर घ्यावेत आणि मोबदला न घासता द्यावा. यजमानाने आपणहून घोटभर पुढे केली तर मोठ्यांनी पाहुणा म्हणून घ्यावी. अशा सहलीची घोषणा मी वेदीवरून करीन, आणि गाडीत जागा असेल तर येईनही. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी माझ्याशी पायऱ्यांवर वाद न घालता संपादकांकडे उत्तर पाठवावे.