चुकीचे औषध आणि ग्राहकाचा हक्क

गोदामांच्या वाडीत संध्याकाळी औषधाच्या दुकानापुढे गर्दी असते. डॉक्टरांचे अक्षर लागत नाही, नावे सारखी असतात आणि भलतीच गोळी रुग्णाच्या पोटात जाऊ शकते. ‘औषध तेच, कंपनी निराळी’ हे उत्तर पुरेसे नाही. औषध नियम, १९४५ मधील ६५ वा नियम चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यावयास सांगतो. अनुसूची ‘एच’मधील औषधाऐवजी, घटक तोच असला तरी, दुसरे देता येत नाही.

मुंबईत १९९२ मध्ये होमिओपॅथीच्या एका डॉक्टरांनी तापाच्या रुग्णास ॲलोपॅथीची औषधे दिली, रुग्ण दगावला. ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्यातील औषध देणे हाच निष्काळजीपणा, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पत्नीला ३ लाख रुपये भरपाई देवविली. फार्मासिस्टवाचून दुकान नोकरावर सोडणाऱ्या मालकांनी हा निकाल जरूर वाचावा.

ग्राहकाला राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही. मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्कही नाही. परवान्याविषयीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे निराळी करावी.

मात्र पुरावा हवा: चिठ्ठी, बिल, बॅच क्रमांक असलेली गोळ्यांची पट्टी आणि अपाय त्याच औषधाने झाला असा डॉक्टरांचा लेखी अभिप्राय. पै-पैची नोंद ठेवणारी घरेही औषधाचे बिल मागत नाहीत, हे नवलच. उरलेल्या गोळ्या दुकानदाराला परत करण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र तरी काढून ठेवावे.