मोडक्या पाकळ्यांचे गुलाब

“साच्याला आधी तुपाचं बोट फिरव,” सासूबाई म्हणाल्या. माझ्या हातात सिलिकॉनचा बारा खणांचा साचा होता, प्रत्येक खणात एक उमललेला गुलाब. त्यांना वाटलं, मी मोदकांचीच काही नवी तऱ्हा करतेय. “आई, साबण करतेय,” म्हटल्यावर त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मांडणीवरचा मोदकाचा साचा काढून पुढे केला. “मग हा घे की. घरात असताना विकत कशाला आणायचा?”

तो साचा ॲल्युमिनियमचा होता. साबणाला तेल लागतं तसाच कॉस्टिक सोडाही लागतो. हा सोडा ॲल्युमिनियमला खातो. भांडं फसफसतं, हायड्रोजन वायू सुटतो आणि साच्याला खड्डे पडतात. म्हणून साबणाच्या कामाला ॲल्युमिनियमचं पातेलं, पळी, साचा, काहीच चालत नाही. स्टील चालतं, जाड प्लास्टिक चालतं आणि सिलिकॉन तर फारच छान चालतं. त्याला तूप नको, तेल नको, कागद नको. साबण त्याला मुळात चिकटतच नाही. साचा उलटा करायचा, पाठीवर अंगठा दाबायचा, की वडी हातात. निदान व्हिडिओत तरी तसंच होतं.

साबण करणं हे स्वयंपाकासारखं दिसतं, पण अंदाजपंचे इथे चालत नाही. प्रत्येक तेलाची सोड्याची भूक वेगळी असते. एक किलो खोबरेलाला साधारण 183 ग्रॅम सोडा लागतो, तर तेवढ्याच ऑलिव्ह तेलाला 135. एक तेल संपलं म्हणून दुसरं ओतलं, की एक तर साबण अंगाला झोंबतो, नाही तर तेलकट राहतो. म्हणून हिशोब करायचा, ग्रॅमचा काटा घ्यायचा आणि हिशोबाने येणाऱ्या सोड्यापेक्षा 5 टक्के कमीच घालायचा. मग थोडं तेल मोकळं राहतं आणि कातडी कोरडी पडत नाही. हातमोजे आणि चष्मा घालून, खिडकी उघडी ठेवून सोडा पाण्यात टाकायचा. पाणी सोड्यावर कधीही नाही. गॅस पेटवलेला नसतानाही ते पाणी वाफाळायला लागतं. ते निवलं की तेलात ओतून घुसळायचं. मिश्रण पातळ पिठल्यासारखं झालं, वरून सोडलेली धार क्षणभर पृष्ठभागावर उमटून राहिली, की साच्यात.

मी ते ओतलं. बाराही गुलाब काठोकाठ भरले. आणि मग साचा उचलला.

सिलिकॉन मऊ असतं हे मला माहीत होतं. भरलेलं सिलिकॉन किती मऊ असतं, ते तेव्हा कळलं. साचा मधून लवला आणि चार गुलाब ओट्यावर वाहून गेले. पुसताना हातमोजे होते म्हणून निभावलं, कारण ते मिश्रण अजून साबण झालेलं नसतं. साचा आधी ताटात ठेवायचा आणि मग भरायचा, ही एवढीशी गोष्ट. उभट, पावासारखा लांब साचा असेल तर तो मधे फुगतो आणि वड्या पोटुशा निघतात. त्याला बाहेरून लाकडी खोक्याचा आधार द्यावा लागतो.

दुसऱ्या दिवशी अंगठा दाबला. गुलाब बाहेर आला, पाकळ्यांची टोकं आतच राहिली. कारण साधं होतं. लाकडाच्या साच्यात कागद घालून साबण ओतला तर लाकूड आणि कागद थोडं पाणी शोषून घेतात. सिलिकॉन थेंबभरही शोषत नाही. वरचा भाग घट्ट होतो, तळ दमटच राहतो, आणि गुलाबाचं सगळं नक्षीकाम असतं नेमकं तळाला. पुढच्या घाण्याला मी सोड्याच्या पाण्यात आधी चिमूटभर मीठ विरघळवलं, म्हणजे वडी टणक होते. एकाऐवजी तीन दिवस थांबले आणि मग साचा काही तास फ्रीजरमध्ये ठेवला. मटारच्या पिशवीशेजारी बारा गुलाब झोपलेले पाहून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पण या वेळी बहुतेक गुलाब अखंड निघाले.

आता खरी गंमत. साचा आकार देतो तीन दिवसांत, पण साबण तयार व्हायला पुढे चार ते सहा आठवडे लागतात. जाळीवर, हवेशीर, एकमेकींना न टेकवता वड्या ठेवायच्या, त्यातलं पाणी उडू द्यायचं. सीरियातल्या अलेप्पोत तर साचाच नसतो. ऑलिव्ह आणि लॉरेलच्या तेलाचा उकळता साबण कागद अंथरलेल्या जमिनीवर ओततात, जमला की कापतात, एकेका वडीवर हाताने शिक्का मारतात आणि हवा खेळेल असे मनोरे रचून महिनोन् महिने वाळवतात. बाहेरून सोनेरी, कापली तर आत हिरवी. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने ही कला आपल्या वारशाच्या यादीत घेतली. शतकानुशतकं नावाजलेल्या या साबणाचा आकार विचाराल, तर जेमतेम चौकोनी.

माझे गुलाब मात्र सुरेख होते. नोव्हेंबरात केलेले, सहा आठवडे मुरलेले, ऐन संक्रांतीला तयार. अखंड होते ते कागदात बांधून हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटले. बायकांनी हातात घेऊन वास घेतला, “अगंबाई, तू केलेस?” म्हणाल्या. माझी कॉलर ताठ. टोकं तुटलेले नऊ नग घरात राहिले. न्हाणीघरात त्यांच्या पाकळ्या चार आंघोळींत गेल्या, उरला नुसता गोळा. तो छान फेसाळत होता. सासूबाईंनी त्याला कधी नावं ठेवली नाहीत, आणि त्यांच्याकडून एवढं प्रशस्तिपत्रक पुष्कळ.

यंदा ऑक्टोबरात शेजारच्या काकूंकडे गेले. शोकेसमध्ये ताजमहाल आणि काचेच्या हंसाच्या मधोमध माझा गुलाब. “वापरवतच नाही गं,” काकू कौतुकाने म्हणाल्या. “इतका सुंदर, पाण्यात कसा घालायचा?” मी तो हातात घेतला. पाकळ्यांवर तांबूस ठिपके आले होते आणि लॅव्हेंडरच्या सुगंधाखालून खवट खोबरेलाचा वास येत होता. ते मोकळं ठेवलेलं 5 टक्के तेल हवेने खराब झालं होतं. मग लक्षात आलं तसं आणखी तिघींना विचारलं. एकीने रुखवतासाठी जपलाय, एकीने साड्यांत ठेवलाय, एकीने पुढच्या हळदीकुंकवाला दुसरीला देऊन टाकला. माझ्या हातचा साबण अंगाला लागला तो फक्त आमच्या घरात, आणि तोही फसलेला.

तेव्हापासून गुलाबाचा साचा माळ्यावर आहे. सासूबाई त्यात खव्याचे मोदक करू म्हणत होत्या, पण सिलिकॉन वास धरून ठेवतं. साबणाला वापरलेला साचा खाण्याच्या पदार्थाला पुन्हा घ्यायचा नाही.

गेल्या आठवड्यात यंदाचा घाणा घातला. साचा सिलिकॉनचाच, पण साध्या आयताचा. ना फूल, ना पान. वड्या जाळीवर मांडत होते, तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांच्या हातात शेवटच्या मोडक्या गुलाबाची चिपाटी होती, नखाएवढी. ती फेकायची नसते, नव्या वडीला चिकटवायची असते.

“यंदा गुलाब नाहीत?”

“नाही आई. नुसत्या वड्या.”

त्यांनी एकीवरून बोट फिरवून पाहिलं. “बरं झालं,” त्या म्हणाल्या. “चिपाटी चिकटवायला सपाट जागा तरी आहे.”