शेरू, सुतळी बॉम्ब आणि आमचा डीजे

शेरू आमचा नाही, गल्लीचा आहे. चार वर्षांपूर्वी एका पावसाळी रात्री तो आमच्या जिन्याखाली येऊन बसला आणि तिथलाच झाला. अम्मीनं पहिल्याच दिवशी बजावलं, "घरात पाऊल टाकायचं नाही. कुत्रं असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत." रोज संध्याकाळी शिळी चपाती दुधात कुस्करून जिन्याखाली ठेवणारीही तीच.

तिसऱ्या दिवाळीत त्यानं हा नियम मोडला. कोपऱ्यावर सुतळी बॉम्बची माळच लागली होती. शेरू उघड्या दारातून आत घुसला, बैठकीची खोली ओलांडली आणि मोरीत पाण्याच्या पिंपामागं अंग कोंबून बसला. लाळ गळत होती, अंग थडथडत होतं, शेपूट पोटाखाली. मी काठी शोधायला उठलो. अम्मी तस्बीह घेऊन बसली होती. ती म्हणाली, "बसू दे. घाबरून आलेल्याला हाकलायचं नसतं." रात्री बारानंतर तो आपणहून बाहेर गेला आणि मग अम्मीनं मोरी धुऊन घेतली.

माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपास. जो आवाज आपल्याला फक्त मोठा वाटतो, तो त्याच्या कानात काय होऊन शिरत असेल! शिवाय आज दिवाळी आहे, लग्न आहे, भारतानं मॅच जिंकली आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. त्याला फक्त धमाका ठाऊक असतो.

घरगुती उपाय मी बरेच गोळा केले. त्यातले निम्मे भलतेच निघाले. एकानं सुगंधी तेल कानामागं चोळायला सांगितलं. ते कुत्रा चाटतो आणि टी ट्री सारखी तेलं त्याला विषारी असतात. दुसऱ्यानं माणसांची झोपेची अर्धी गोळी सुचवली. पॅरासिटामॉल असो की झोपेची गोळी, आपल्या डब्यातलं औषध जनावराला आपल्या मनानं देऊ नये. 'नैसर्गिक' लिहिलेलं सगळंच निरुपद्रवी असतं, असंही नाही.

खरा उपाय शेरूनंच निवडला होता. अंधारी, आतली, तीन बाजूंनी बंद जागा. आम्ही फक्त तिची डागडुजी केली. खाली गोणपाट, खिडकीला जुनी रजई, पंखा पूर्ण वेगात आणि रेडिओ चालू. बाहेरचा आवाज बंद होत नाही, पण त्याची धार बोथट होते. दिवस मावळायच्या आत त्याला लांब फिरवून आणायचं, खायलाही आधीच घालायचं. भेदरलेलं जनावर खात नाही. छातीभोवती ओढणी जरा घट्ट गुंडाळली तर काही कुत्री शांत होतात म्हणे. शेरूनं माझ्या बहिणीची ओढणी दोन मिनिटांत फाडली, तेव्हा तो विषय मिटला. लपलेल्याला बाहेर ओढू नये, ओरडू तर नयेच. जवळ बसून पाठीवर हात फिरवल्यानं तो आणखी भित्रा होतो, हा गैरसमज आहे. भीती ही काही लाडानं वाढणारी सवय नाही.

माझ्या मुलीनं उन्हाळ्याच्या सुट्टीत आणखी एक उद्योग केला. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावायचा आणि कलेजीचा तुकडा पुढं धरायचा. रोज पाच मिनिटं. कान मागं पडले की आवाज कमी करायचा. घाई केली की सगळं फुकट जातं. दिवाळीच्या आदल्या दिवशी सुरू करायचं हे काम नव्हे. दोन महिन्यांत लवंगी माळेच्या आवाजाला शेरू नुसता मान वर करून बघू लागला. जो कुत्रा भीतीपायी दारं ओरबाडतो, स्वतःला जखमी करून घेतो, त्याला मात्र सरळ जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावं. त्यावर चांगली औषधं आहेत.

आता काही वाचक विचारतील, कुत्रा घरात आणि नमाज? आम्ही हनफी. लाळ नापाक, लागली तर धुवा. कोरड्या अंगाला हात लागला म्हणून वुजू तुटत नाही. हा झाला मसला. पण तहानेनं ओली माती चाटणाऱ्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाला अल्लाहनं माफ केलं, ही हदीसही आपण लहानपणापासून ऐकतो. असहाब-ए-कहफच्या गुहेच्या तोंडाशी पाय पसरून बसलेला कुत्रा तर कुरआनातच आहे. लाळ धुवायची असते, दया नाही.

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं, कारण फटाके दुसऱ्यांचे होते.

गेल्या ईद-ए-मिलादला आमच्या मोहल्ल्याच्या जुलूसमध्ये डीजे होता. वर्गणीचे पाचशे रुपये मीही दिले होते. ट्रक आमच्या बोळात शिरला तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, छातीत ठोके बसत होते. आम्ही सगळे जुलूस बघायला खाली आणि वर दाराला कुलूप. शेरू मोरीपर्यंत पोहोचूच शकला नाही. तो पळाला तो तिसऱ्या दिवशी साखर कारखान्याच्या वजनकाट्याजवळ सापडला. तळपाय सोलवटलेले होते. मुलीची दोन महिन्यांची मेहनत अर्ध्या तासात गेली. ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही आणि तक्रार कुणाची करावी, हे मलाही सुचलं नाही.

"त्यांचं चालतं, मग आपलंच का खुपतं?" हा प्रश्न मी बैठकीत ऐकला आहे, पूर्वी स्वतः विचारलाही आहे. 2024 साली मुंबई उच्च न्यायालयानं त्याचं उत्तर दिलं. मिलादच्या जुलूसमधल्या डीजे आणि लेझरविरुद्धच्या याचिकेवर न्यायालय म्हणालं की, गणेशोत्सवात जे घातक, ते ईदलाही घातकच. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. तिथं धर्माचा रकाना नाही. आणि मनात आणलं तर आपल्याला जमतं. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि मिलाद एकाच दिवशी आली, तेव्हा मुंबईच्या मुस्लिमांनी जुलूस एक दिवस पुढं ढकलला. कुणाचा ईमान कमी झाला नाही.

यंदाच्या बैठकीत मी म्हणालो, माझे पाचशे सरबताला घ्या, डीजेला नाही. पोरं हसली. एकानं विचारलं, "चाचा, कुत्र्यासाठी?" मी म्हटलं, हो, कुत्र्यासाठी, आणि पलीकडच्या घरात झटका येऊन पडलेल्या दादीसाठी, तीन महिन्यांच्या बाळासाठी. बैठक नात आणि सरबतापर्यंत आली, डीजेचं पुढच्या जुम्म्याला ठरवू म्हणाले. अजून ठरलेलं नाही.

यंदा मी घरीच थांबणार आहे. मोरीचं दार उघडं ठेवून.