शत्रूने ओळखले, स्वकीय विसरले

दरवर्षी १९ डिसेंबर उजाडला की गोवा मुक्तीचे सोहळे होतात. ध्वजवंदन होते, भाषणे झडतात आणि बहुतेक भाषणांचे सार एका वाक्यात सामावते: १९६१ साली भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि अवघ्या दोन दिवसांत साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली. सैन्याच्या पराक्रमाविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु त्या दोन दिवसांच्या मागे पंधरा वर्षांचा लोकलढा उभा होता, तो या कथनात कोठे आहे? आणि त्या लढ्यातील स्त्रिया? त्यांच्या वाट्याला एक ठरीव वाक्य येते, 'स्त्रियांचाही सहभाग लक्षणीय होता.' त्या वाक्यातील 'ही' हे अक्षर पुरेसे बोलके आहे.

परकी राजवट या बाबतीत अधिक चोख निघाली. ज्या गोव्यात लग्नपत्रिका छापण्यापूर्वीही ती सरकारी तपासनिसाला दाखवावी लागे, तेथे एखाद्या तरुणीने उघड्यावर उभे राहून बोलणे म्हणजे काय, हे सालाझारच्या पोलिसांना नेमके कळत होते. मित्रा बीर यांना ऐन विशीत १२ वर्षांच्या कारावासाची शिक्षा ठोठावण्यात आली. बाई म्हणून त्यात सवलत नव्हती. आपल्या इतिहासकारांनी मात्र अशांना तळटिपेत बसवून मोठीच सवलत घेतली आहे!

१८ जून १९४६ हा दिवस डॉ. राममनोहर लोहियांच्या मडगाव येथील सभेमुळे सर्वांना ठाऊक आहे. लोहियांच्या अटकेनंतर त्याच मडगावात वत्सला कीर्तनी बोलावयास उभ्या राहिल्या आणि पोलिसांनी त्यांना पकडले. तेव्हा शहरातील स्त्रिया पोलीस ठाण्यावर चालून गेल्या व आपल्यालाही अटक करा अशी मागणी करू लागल्या. या स्त्रिया कोण होत्या? उंबरठ्याबाहेरील जगाशी फारसा संबंध नसलेल्या गृहिणींपैकी. लोहियांच्या सभेचे स्मरण नेमाने होते. या मोर्चाचे होते काय?

सुधाताई जोशी यांचे उदाहरण तर मराठी माणसाने विशेष लक्षात ठेवावे असे आहे. त्यांचा परिचय आजही प्राय: 'महादेवशास्त्री जोशी यांच्या पत्नी' असा करून दिला जातो. मूळचे गोमंतकातील आणि पुण्यात स्थायिक झालेले शास्त्रीबुवा भारतीय संस्कृतिकोशाचे कर्ते म्हणून वंद्यच आहेत, पण ६ एप्रिल १९५५ या दिवशी म्हापशात शास्त्रीबुवा उभे नव्हते. बंदी झुगारून भरविलेल्या नॅशनल काँग्रेस, गोवा या संघटनेच्या अधिवेशनाच्या अध्यक्षा म्हणून सुधाताई उभ्या होत्या. अटक निश्चित होती, छळ संभवनीय होता आणि घर-संसार पुण्यात मागे राहिला होता. अध्यक्षीय भाषण पूर्ण होऊ न देता पोलिसांनी त्यांना पकडले. सुटका झाली ती १९५९ मध्ये. एका संघटनेच्या अध्यक्षाने भर अधिवेशनात अटक पत्करली असे कोणा पुरुषाविषयी लिहावयाचे असते, तर त्या वाक्यात 'सहभाग' हा शब्द आला असता काय?

मग आला १५ ऑगस्ट १९५५. देशाच्या कानाकोपऱ्यांतून निघालेले हजारो नि:शस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमेवर धडकले. पत्रादेवी येथे पोर्तुगीजांच्या गोळ्यांसमोर तिरंगा घेऊन पुढे सरसावलेल्या सहोदराबाई राय या मध्य प्रदेशातील सागरकडच्या. त्या गोळ्या लागून जखमी झाल्या आणि पंजाबातून आलेले कर्नैलसिंग तेथे धारातीर्थी पडले. गोव्याशी ना नाते, ना भाषा. तरीही सागरची ही स्त्री तेथे पोहोचली होती. राष्ट्र एक आहे हे तिला कोणी परिसंवादात पटवून दिले नव्हते.

दिल्लीश्वरांनी या रक्ताची काय बूज राखली? त्याच वर्षी सत्याग्रहींना सीमा ओलांडण्यास बंदी झाली. जागतिक शांततेचे दूत म्हणून मिरविणाऱ्या पं. नेहरूंना आपली प्रतिमा जपावयाची होती; तुरुंगात खितपत पडलेल्यांचा हिशेब त्या धोरणात कोठेच नव्हता. विशेष म्हणजे सहोदराबाई १९५७ मध्ये काँग्रेसच्याच उमेदवार म्हणून लोकसभेवर निवडून आल्या. ज्या भूमीसाठी त्यांनी गोळ्या झेलल्या ती तेव्हाही परकीयांच्या टाचेखाली होती आणि सुधाताई कारागृहातच होत्या.

सीमा बंद झाली तरी लढा थांबला नव्हता. नोव्हेंबर १९५५ पासून सह्याद्रीच्या रानातून 'व्हॉइस ऑफ फ्रीडम' हे गुप्त नभोवाणी केंद्र पोर्तुगीज व कोकणी भाषांतून बोलू लागले. त्यामागे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो होत्या. मुंबईत शिकलेल्या या तरुणीने शहरातील स्थिर आयुष्य सोडून सहा वर्षे जंगलात काढली. लिस्बनच्या प्रचाराचे वाभाडे काढणारा हा आवाज बंद दारांआड गोवेकर कान देऊन ऐकत. गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांनी शरणागती पत्करल्यावर ती वार्ता विमानातून, ध्वनिक्षेपकावरून गोमंतकाला सांगणाऱ्यांतही त्या होत्या.

लिबियाताईंना 'पद्मश्री' मिळाली ती २०२५ साली, वयाची शंभरी गाठल्यावर. म्हणजे शासनाला ही आठवण होण्यास मुक्तीनंतर ६३ वर्षे लागली, आणि तोवर जगण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच टाकली गेली. सहोदराबाई तेवढ्या थांबू शकल्या नाहीत; त्या १९८१ मध्येच गेल्या.