वही उघडते, पण चालत नाहीं

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या हातीं हल्लीं ज्युपिटर नांवाची संगणकावरील वही आलेली आहे. तींत विवेचन, पायथनमधील आज्ञा आणि त्यांपासून निघालेले आलेख हीं सारीं एकाच पानावर नांदतात. वहीची सोय आम्हांस मान्यच आहे. परंतु ती दुसऱ्याच्या यंत्रावर उघडली असतां जें घडतें, त्याकडे विद्यार्थी व शिक्षक दोघेही काणाडोळा करितात, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

२०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत अशा सुमारें १४ लक्ष वह्या जमविण्यांत आल्या. ज्या चालवून पाहतां आल्या, त्यांपैकीं सुमारें २४ टक्केच निर्वेधपणें शेवटास गेल्या, आणि पूर्वीचेंच उत्तर पुन्हां देणाऱ्या अवघ्या ४ टक्के निघाल्या! ज्याचें उत्तर दुसऱ्यास काढतां येत नाहीं, त्या प्रयोगास प्रयोग कां म्हणावें? याचें एक कारण उघड आहे: वही ज्या पॅकेजांवर उभी असते, त्यांचीं नांवें तींत दिसतात, आवृत्ति बहुधा दिसत नाहीं.

यावर निक्स हा चांगला उपाय आहे. नेदरलंड्समधील उट्रेख्ट विद्यापीठांत एल्को डोल्स्ट्रा यांनीं २००३ सालीं त्यास आरंभ केला. "आधीं हें बसवा, मग तें बसवा" असा हुकूम येथें द्यावयाचा नसतो; अमुक पायथन, अमुक पॅकेजें व ज्युपिटर, इतकी सामग्री हवी, एवढेंच एका फाइलींत लिहावयाचें. ती कशी जुळवावी हें निक्स पाहतो. प्रत्येक पॅकेज ज्या सामग्रीपासून बनलें, तिजवरून काढलेली खूण त्याच्या नांवास जोडलेली असते. म्हणून दोन आवृत्त्या एकाच यंत्रावर भांडत नाहींत. सोबतच्या लॉक फाइलींत नेमका उगम नोंदला जातो. मात्र वहींतूनच पिपकडून आणखी कांहीं बसविण्याची संवय सोडली पाहिजे. नाहींतर ही नोंद व्यर्थ होय.

निक्सची भाषा चमत्कारिक आहे, डिस्कवर जागा पुष्कळ लागते, आणि विंडोजवर तो थेट चालत नाहीं. शाळेंतील मुलास ती भाषा शिकविण्याचा हट्ट आम्ही धरणार नाहीं. शिक्षकांनीं फाइल एकदां लिहावी व साऱ्या वर्गानें वापरावी. तथापि वहींतील आज्ञा उलटसुलट क्रमानें चालविल्या, तर निक्सही कांहीं करूं शकत नाहीं. याकरितां गुण देण्यापूर्वीं त्या फाइलीप्रमाणें सामग्री जुळवून शिक्षकांनीं ती वही वरपासून खालपर्यंत एकदां चालवून पाहावी.